‘राऊ’ची पानं सुटली असतील, तर मांडवीमागचे हे बाइंडर

बडोद्याच्या मांडवीमागच्या गल्लीत, कागदाच्या दुकानांच्या ओळीत एक बाइंडर बसतात. दुकानाला पाटी नाही. दाराशी लाकडी शिकंजा आणि त्यात दाबून ठेवलेल्या चोपड्या दिसल्या की समजावं, आलं दुकान. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’च्या तीन प्रती त्यांच्याकडून बांधून आल्या. तिघींची दुखणी वेगवेगळी होती, म्हणून त्यांच्या कामाचा अंदाज पुरता घेता आला. शिलाई उत्तम, पुठ्ठा चांगला, कण्यावरची अक्षरं मात्र समोर उभं राहून करून घ्यावी लागतात. अस्तर, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद, लावताना थोडी घाई होते. तरीही बडोद्यात जुनी कादंबरी बांधायला द्यायची असेल तर आधी इथेच यावं, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

कारण बाकी बहुतेक ठिकाणी कादंबरी आणि हिशेबाची चोपडी यांत फरक करत नाहीत. कडेपासून पाव इंच आत टोच्याने भोकं पाडायची, आरपार टाके मारायचे, तिन्ही बाजू मशीनखाली धरायच्या आणि वरून चकचकीत रेक्झिन. मजबूत दिसतं खरं, पण पुस्तक उघडतच नाही. ‘राऊ’सारखी जाडजूड कादंबरी दोन्ही हातांनी ताणून धरावी लागली की वाचणारा दहा पानांत कंटाळतो आणि पुस्तक कपाटात जातं. ज्या पुस्तकाची लोकांनी वाचून वाचून चाळण केली, ते बांधल्यानंतर वाचलंच जाऊ नये, याइतकं वाईट काही नाही.

‘राऊ’ १९७२ साली आली, कॉन्टिनेन्टल प्रकाशनाकडून. बाजीराव आणि मस्तानी यांची ही कथा बडोद्याच्या मराठी घरांत इतकी का रुजली, याचं खरं तर नवल वाटायला हवं. १ एप्रिल १७३१ ला डभईच्या रणात बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला, तेव्हा पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. ती डभई इथून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे या गावाचं राजघराणं राऊच्या समोर उभं होतं. वाचकांनी तो हिशेब कधी धरला नाही. इथल्या कपाटांत ‘राऊ’ची जी जुनी प्रत निघते, ती वापरून मऊ झालेलीच असते.

पुस्तक कुठे झिजलंय ते बघितलं की वाचकाने काय केलं ते कळतं, आणि बाइंडरला काय सांगायचं तेही. सरळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाचलेलं पुस्तक दोन्ही टोकांना सुटतं, कारण पुठ्ठा उघडताना सगळा ताण पहिल्या आणि शेवटच्या फर्म्यावर, म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर, येतो. लाडकी कादंबरी मात्र मध्येच मोडते. आवडत्या प्रसंगापाशी उघडायचं, पुठ्ठा मागे दुमडायचा, आडवं पडून एका हातात धरायचं, असं वर्षानुवर्षं झालं की कण्यावरचा वाळलेला सरस नेमका तिथेच तडकतो. मग पुस्तक टेबलावर नुसतं ठेवलं तरी आपोआप त्याच पानावर उघडतं. तीनपैकी दोन प्रतींत अशी मोड होती. दोन्ही ठिकाणी पानांचा खालचा बाहेरचा कोपरा बोटांच्या तेलाने काळपट झालेला, आधीची आणि नंतरची पानं त्यामानाने स्वच्छ.

बांधायला देण्यापूर्वी आपली प्रत कोणत्या जातीची आहे ते घरीच पाहून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे. कण्याच्या वरच्या टोकाकडून उजेडात बघायचं. दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे शेजारी शेजारी दिसले, आणि गठ्ठ्याच्या मधल्या पानाच्या घडीत दोरा दिसला, तर ती फर्म्यांची शिलाई, म्हणजे जुजबंदी. सोळा पानी फर्म्यात चार कागद एकात एक दुमडलेले असतात; ४८० पानांच्या कादंबरीत असे ३० फर्मे होतात. जुन्या कापडी बांधणीच्या प्रती बहुतेक अशाच असतात. गठ्ठे न दिसता सुट्या पानांची सपाट कड आणि तिला लागलेला पिवळट, कडक गोंद दिसला, तर ती गरम गोंदाने चिकटवलेली प्रत. तिला घडीच नसते, कारण चिकटवण्याआधी कणा मशीनवर खरवडून काढलेला असतो. तिसरी जात म्हणजे पूर्वी कुणीतरी बाजूने टाके मारून ठेवलेली, बहुधा वाचनालयातून बाद झालेली प्रत.

पहिल्या जातीची प्रत म्हणजे या दुकानाचं खरं काम बघण्याची संधी. जुना पुठ्ठा सोडवून, कण्यावरचा सरस खळीचा ओला थर देऊन अर्धा तास मऊ करतात आणि हाडाच्या पट्टीने खरवडतात. सुरी लावत नाहीत, हे महत्त्वाचं. सुरीने घड्या कापल्या जातात आणि मग जुजबंदीला आधारच राहत नाही. नंतर एकेक फर्मा वेगळा करून त्याचा सर्वांत बाहेरचा कागद तपासतात. फर्म्यात झिजतो तो बाहेरचाच कागद, आतले तीन सहसा शाबूत असतात. घडी फाटली असेल तर बाहेरून १० ते १२ मिलिमीटर रुंदीची पातळ टिश्यूची पट्टी खळीने लावायची. सगळ्याच फर्म्यांना पट्ट्या लावा असा आग्रह कधी धरू नये. प्रत्येक पट्टीची जाडी कण्याच्या बाजूला साठत जाते, कणा फुगतो, आणि पुस्तक पाचरीसारखं दिसू लागतं, कण्याकडे जाड, समोर निमुळतं. आपल्या प्रतीत फाटलेल्या सात फर्म्यांनाच पट्ट्या लागल्या आणि तेवढ्याच लावल्या.

शिलाईचा दोरा बारीक पण पक्का, मेण लावलेला. इथेही तेच गणित. दोरा जेमतेम ०.३ मिलिमीटरचा धरला तरी ३० फर्म्यांत तो ९ मिलिमीटर होतो. त्यातला बराचसा दाबाखाली कागदात बसतो, उरलेला फुगवटा कणा हातोडीने हलके गोल करून पसरवावा लागतो. जाड दोऱ्याने शिवलेलं पुस्तक मजबूत असतं असा समज आहे, तो चुकीचा. जाड दोरा जुन्या कागदाला करवतीसारखा कापतो. या बाइंडरांनी दोन सुती फितींवर शिवलं, प्रत्येक फर्म्याला टोकाला मागच्या फर्म्याशी गाठ घेतली, आणि फितींची टोकं दोन्हीकडे इंचभर सोडली. ती टोकं पुठ्ठ्याला धरून राहतात. नुसत्या अस्तराच्या कागदावर पुस्तकाचा भार पडत नाही. कण्यावर खळ, तिच्यावर मलमलची पट्टी, वरून कागद. रात्रभर शिकंजात. पूर्ण झालेलं पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं, हात काढला तरी मिटत नाही. कौतुक करावं ते या गोष्टीचं.

दुसरी प्रत चिकटवलेली होती, अलीकडच्या छपाईची. हिला जुजबंदी करून द्या असं सांगणारे गिऱ्हाईक येतात, पण घडीच नाही तर दोरा कुठून जाणार? सुटी पानं जोडीजोडीने पट्टीवर चिकटवून नवे फर्मे करता येतात, मात्र शंभर-सव्वाशे जोड्यांचा तो खर्च नव्या प्रतीच्या वर जातो आणि जाडीही वाढते. बाइंडरांनी स्पष्ट नकार दिला, तो बरोबरच होता. त्याऐवजी जुना गोंद काढून, पानं ठोकून सरळ करून, कणा एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पंख्यासारखा वाकवत दोन्ही वेळा पांढरा गोंद भरला. त्यामुळे गोंद प्रत्येक पानाच्या कडेवर केसभर आत चढतो, नुसता वरून बसत नाही. या कामाला पांढरा गोंदच हवा. खळ इथे पुरी पडत नाही. उलट पहिल्या जातीच्या प्रतीला कण्यावर थेट पांढरा गोंद लावू देऊ नये, कारण तो वाळल्यावर पाण्याने सुटत नाही आणि वीस वर्षांनी पुन्हा बांधायची वेळ आली की घड्या त्याच्याबरोबर फाटून येतात. खळ ओल्या फडक्यानेही सुटते.

तिसरी, बाजूने शिवलेली प्रत सर्वांत कठीण. पाव इंच टाक्यात गेलेलं, दोनदा मशीनखाली कापलेलं, आतली मोकळी जागा इतकी कमी की ओळींची सुरुवात खाचेत बुडालेली. टाके काढले, भोकं तशीच ठेवली, घड्या तपासल्या. नशिबाने फर्मे शाबूत होते, म्हणून जुजबंदी झाली आणि पाव इंच परत मिळाला. कापलेलं मात्र परत येत नाही. प्रत्येक बाइंडिंगला तीन बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर जातात. तिसऱ्या खेपेला पानाचा क्रमांक आणि डोक्यावरची ओळ कापली जाते. या दुकानातही सवयीने मशीनखाली धरतातच. म्हणून पुस्तक हातात देतानाच सांगायचं आणि पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचं: कापायचं नाही. कडा थोड्या वरखाली राहतात, राहू द्याव्यात.

बोली गुजराती आहे. ‘साइडमां टांका ना मारता’ एवढं एक वाक्य नीट म्हटलं तरी अर्धं काम झालं. मराठी समजतं, पण घाईच्या वेळी, विशेषतः दिवाळीपूर्वी चोपड्यांच्या हंगामात, समजलेलं विसरलं जातं. त्या दीड महिन्यात कादंबरी देऊच नये.

आता कमतरता. अस्तराच्या कागदाला खळ फार ओली लावतात. ओला कागद ताणतो, आणि त्याचा धागा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर नसेल तर वाळताना पुठ्ठा ओढून धनुष्यासारखा वाकवतो. एका प्रतीचा मागचा पुठ्ठा असाच वाकला. दोन दिवस वजनाखाली ठेवून बराचसा सरळ झाला, पूर्ण नाही. कागदाचा धागा कुठल्या दिशेला आहे हे बघणं सोपं असतं. कागद न मोडता दोन्ही दिशांना हलकेच वाकवून बघायचा, ज्या दिशेला सहज वाकतो त्या घडीला समांतर त्याचा धागा. हे त्यांना माहीत आहे, पण कागद वाया जाऊ नये म्हणून कधी आडवा कापतात. अस्तराचा कागद आपणच नेऊन दिला आणि उभ्या बाजूवर बाण काढून दिला तर हा प्रश्न येत नाही.

खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, कसर लागू नये म्हणून. पुठ्ठ्यापुरती चालेल. पानांना, टिश्यूच्या पट्ट्यांना लागणाऱ्या खळीत मात्र ती नको. तांब्याच्या क्षाराने जुना कागद लवकर तपकिरी होऊन तुटू लागतो. वेगळी खळ मागितली तर करून देतात, मैद्याची, ताजी.

आणि अक्षरं. कण्यावर सोनेरी अक्षरं उठवायला त्यांच्याकडे देवनागरी खिळे आहेत, पण संच अपुरा. एका प्रतीवर ‘राउ’ असं ऱ्हस्व उठलं. राऊ दीर्घच हवा. आईच्या, आप्तांच्या तोंडच्या हाकेचा तो ऊ आहे, तो तोडून कसं चालेल? सोनेरी फॉइल एकदा गरम ठशाने बसलं की पुसता येत नाही, त्यावर दुसरी पट्टी चिकटवावी लागते. म्हणून नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावं, आधी टाकाऊ रेक्झिनवर ठसा मारून दाखवायला सांगावं. ‘ऊ’ नसेल तर अक्षरं उठवूच नयेत. त्याऐवजी जुन्या कव्हरच्या कण्याची पट्टी कापून नव्या कापडावर लावायला सांगावं, तीच जास्त शोभते.

वरचं आवरण सुती बाइंडिंग कापडाचं घ्यावं. दुकानदार रेक्झिन पुढे करतात, कारण ते स्वस्त आणि पुसता येतं. बडोद्याच्या मे महिन्यात स्वस्त रेक्झिन चिकट होतं, शेजारच्या पुस्तकाला धरून बसतं, काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात. पुठ्ठा दोन मिलिमीटरचा पुरे. त्याहून जाड घेतला तर पुस्तक उगाच जड होतं आणि आडवं पडून वाचणाऱ्याच्या मनगटावर येतं. ‘राऊ’ आडवं पडूनच वाचतात, हे विसरून चालणार नाही.

दर: जुजबंदी, कापडी आवरण, जुनं मुखपृष्ठ आत चिकटवून, प्रतीमागे साडेचारशे रुपये. चिकटवणीचे दोनशे. टिश्यूच्या पट्ट्यांचे वेगळे. दहा-बारा दिवस सांगतात आणि पाळतात. पावसाळ्यात तीन आठवडे धरावेत, कारण हवेतल्या ओलीने खळ वाळत नाही आणि अर्धवट वाळलेलं पुस्तक मिटून ठेवलं की आत बुरशी धरते. विश्वामित्रीच्या पुरात, २०१९ ला असो की २०२४ ला, ज्यांची पुस्तकं भिजली त्यांनी ती तशीच ओली इथे आणू नयेत. दोन दिवसांत बुरशी लागते. लगेच वाळवणं शक्य नसेल तर पुस्तक मिटलेलंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवावं, मग सवडीने एकेक काढून पानांत टीपकागद घालत पंख्याखाली वाळवावं. बाइंडर त्यानंतर.

देण्यापूर्वी प्रत एकदा सावकाश उलटावी. पानांत काय काय असतं! २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट या कादंबरीवरून आला, तेव्हाची वर्तमानपत्राची कात्रणं अनेकांनी यात जपून ठेवली आहेत. कात्रणाचा कागद आम्लधर्मी, तो दोन्ही बाजूंच्या पानांवर त्याच आकाराची तपकिरी सावली उमटवतो. ती काढून वेगळ्या पाकिटात ठेवावीत. सोनचाफ्याचं वाळलेलं फूल, पिंपळपान, वाचनालयाची तारखांची चिठ्ठी यांचंही तेच. सेलोटेप मात्र ओढून काढू नये. त्याखालची अक्षरं सोबत येतात. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा देत, कडेने, अगदी सावकाश सोडवावी लागते, डाग राहतोच.

सर्वांत जपायचं ते पहिलं कोरं पान. बाइंडरच्या दृष्टीने तो जुना अस्तराचा कागद, टाकून द्यायचा. पण जुन्या प्रतीत त्याच्यावर निळ्या शाईत ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणारा मजकूर असतो, खाली ‘सप्रेम भेट’ आणि लग्नाची तारीख. लग्नात पुस्तकाचा आहेर करण्याच्या काळातली ती आठवण. या तिन्हीपैकी एका प्रतीवर दोन पिढ्यांच्या दोन हातांतला मजकूर एकाखाली एक होता. वरची शाई फिकी, टाकाची, खालची बॉलपेनची. ते पान नव्या अस्तरानंतर, पहिल्या फर्म्याच्या आधी, चार मिलिमीटर खळीवर बसवून घ्यावं. बाइंडरांनी ते न कुरकुरता केलं आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत. शाईचं पान ओल्या खळीपासून दूर ठेवायचं, हेही त्यांना सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर लगेच मधूनच उघडू नये. पुस्तक कण्यावर उभं धरून पुढची आठ-दहा पानं उघडून हलकेच दाबायची, मग मागची आठ-दहा, असं दोन्हीकडून मध्यापर्यंत यायचं. नाही तर नवा कणा पहिल्याच दिवशी एका जागी तडकतो.

एक गोष्ट जुजबंदीत जाते. जुनी प्रत आपोआप जिथे उघडायची, ते पान नव्या बांधणीत हरवतं. नवा कणा सगळीकडे सारखाच उघडतो. म्हणून देण्याआधी पुस्तक टेबलावर तीन-चारदा नुसतं उभं करून सोडून द्यावं, कुठे उघडतं ते बघावं, आणि तो पानक्रमांक आहेराच्या मजकुराखाली लिहून ठेवावा. टू-बी पेन्सिलीने, शाईने नको.